वाचकांचे प्रश्न : रंगांच्या कामासाठी मॉनिटर निवडताना

कोणता मॉनिटर घ्यावा, असे विचारणारी पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. मात्र रंग जसे आहेत तसेच दिसले पाहिजेत, अशी अट घालणाऱ्या पत्रांना एखाद्या मॉडेलचे नाव सांगून उत्तर देता येत नाही. पत्रलेखक कोणते काम करतात, ते काम शेवटी कुठे पोहोचते आणि ते कोणत्या खोलीत बसून केले जाते, या तीन गोष्टींवर उत्तर अवलंबून असते. म्हणून या वेळी अशीच पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. अल्बम लॅबमधून छापून आला की छायाचित्रे गडद आणि पिवळसर दिसतात. माझ्या पडद्यावर मात्र ती उत्तम असतात. मॉनिटर बदलायचा ठरवले आहे आणि सुमारे ४५ हजार रुपये खर्च करू शकतो. दुकानदार १४४ हर्ट्‌झचा गेमिंग मॉनिटर सुचवत आहेत आणि त्यावर १२५ टक्के एसआरजीबी असे लिहिले आहे. तो घ्यावा का?
— एक छायाचित्रकार, सांगली

उत्तर : आपण वर्णन केलेली दोन्ही लक्षणे एकाच कारणाकडे बोट दाखवतात, आणि ते कारण बहुधा लॅबमध्ये नसून आपल्या टेबलावर आहे. नवा मॉनिटर खोक्यातून बाहेर काढला की त्याची उजळता बहुतेक वेळा २५० ते ३५० निट, म्हणजे कँडेला प्रति चौरस मीटर, इतकी असते, आणि त्याचा पांढरा रंग अनेकदा निळसर झाकेचा असतो. अशा झगझगीत पडद्यासमोर बसलेल्या माणसाला छायाचित्र जास्त उजळ वाटते, म्हणून तो ते खाली आणतो. चेहरे निळसर वाटतात, म्हणून तो त्यांत पिवळा वाढवतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नसल्यामुळे छापून आल्यावर हीच दुरुस्ती दोष होऊन समोर येते. हळदीच्या छायाचित्रांत हे सर्वांत आधी जाणवते, कारण तिथे पिवळ्या रंगाला वाढायला जागाच उरलेली नसते.

यासाठी नवा मॉनिटर घेण्याआधीच एक प्रयोग करून पाहावा. मॉनिटरची उजळता १०० निटच्या आसपास, म्हणजे बहुतेक मॉनिटरांवर निम्म्याहून बरीच खाली, आणावी. रंगतापमान ६५०० केल्विनवर ठेवावे, रात्री पडदा पिवळसर करणारी सोय आणि उजळता आपोआप बदलणारी सोय बंद करावी, आणि अर्ध्या तासाने, पडदा तापून स्थिर झाल्यावर, लॅबमधून आलेला एक जुना प्रिंट त्याच फाइलशेजारी धरावा. सुरुवातीचे दोन दिवस पडदा मंद वाटेल, मग डोळा सरावतो.

आता खरेदीविषयी. आपल्या ४५ हजारांतील सर्व रक्कम मॉनिटरवर खर्च करू नये. त्यातून कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्यावर टेकवून त्याचे रंग मोजणारे छोटे उपकरण, घेता येईल इतके पैसे आधी बाजूला काढावेत, आणि हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. कॅलिब्राइट आणि डेटाकलर या दोन कंपन्यांची उपकरणे आपल्याकडे मिळतात. न मोजलेला महागडा मॉनिटर आणि मोजून लावलेला मध्यम किमतीचा मॉनिटर यांत मी कधीही दुसराच निवडेन, कारण प्रत्येक पॅनल कालांतराने बदलते आणि तो बदल इतका सावकाश होतो की रोज पाहणाऱ्या डोळ्याला तो कळतच नाही. महिन्यातून एकदा मोजणी करावी.

मॉनिटर आयपीएस पॅनलचा असावा, कारण या जातीच्या पडद्यावर बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. टीएन पॅनलमध्ये मान थोडी वर-खाली झाली तरी रंग बदलतात, आणि व्हीए पॅनलमध्ये काळा रंग सुंदर दिसत असला तरी बाजूने पाहिल्यावर सावलीतले बारकावे हलतात. स्थिर छायाचित्रांच्या कामाला सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजे करणाऱ्या १४४ हर्ट्‌झचा काही उपयोग नाही. राहिला एसआरजीबीच्या १२५ टक्क्यांचा दावा. एसआरजीबी म्हणजे बहुतेक पडदे आणि फोन ज्याला धरून रंग दाखवतात ते प्रमाण रंगक्षेत्र, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांचा आवाका. हा दावा क्षेत्रफळाचा आहे, व्याप्तीचा नाही. सातबाऱ्यावर सव्वा एकर लिहिलेले असले तरी ती जमीन आपल्याला हव्या त्याच गटात आहे की शेजारच्या, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मॉनिटरचा तांबडा रंग प्रमाणापेक्षा फार पुढे आणि निळा रंग प्रमाणाच्या अलीकडे, असे असले तरी बेरीज १२५ होऊ शकते. म्हणून 'व्याप्ती' किंवा 'कव्हरेज' हा शब्द शोधावा, आणि तो आकडा एसआरजीबीच्या ९९ ते १०० टक्के असावा. व्याप्ती कधीच शंभराच्या वर जात नाही. शिवाय जास्त पसरट रंगक्षेत्राचा गेमिंग मॉनिटर एसआरजीबीपुरता मर्यादित करण्याची सोय नसेल, तर नवरीचा शालू आणि मेंदी दोन्ही भडक दिसतील आणि आपण ते रंग अकारण कमी कराल.

असूसच्या प्रोआर्ट मालिकेतील पीए२४८क्यूव्ही हा २४.१ इंची, १९२० गुणिले १२०० बिंदूंचा, किंवा पीए२७८क्यूव्ही हा २७ इंची, २५६० गुणिले १४४० बिंदूंचा, असे दोन्ही मॉनिटर आपल्या कामाला योग्य आहेत. दोन्हींसाठी कंपनी एसआरजीबीची १०० टक्के व्याप्ती आणि दोनपेक्षा कमी सरासरी डेल्टा ई सांगते. डेल्टा ई म्हणजे हवा असलेला रंग आणि प्रत्यक्ष दिसलेला रंग यांतील अंतर. ते एकच्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक जेमतेम कळतो. सरासरीपेक्षा करड्या रंगाच्या पायऱ्यांवरचे आकडे अधिक बारकाईने पाहावेत, कारण करड्यात शिरलेली गुलाबी किंवा हिरवी झाक प्रत्येक चेहऱ्यावर उतरते.

लॅबला दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. त्यांना फाइल एसआरजीबीमध्येच हवी आहे का, आणि त्यांच्या यंत्रावर होणारी स्वयंचलित रंगदुरुस्ती आपल्या कामापुरती बंद ठेवता येईल का. ती चालू राहिली तर आपण कितीही अचूक मॉनिटर घेतला तरी शेवटचा हात दुसऱ्याचाच लागेल.

प्रश्न : मी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि पुस्तकांची सजावट करतो. गेल्या वर्षी मोरपंखी पार्श्वभूमीचे मुखपृष्ठ छापून आले ते मळकट दिसले. छापखाना म्हणतो की यंत्र बरोबर आहे, फाइलच तशी होती. अडोबी आरजीबीचा मॉनिटर घेतला तर हा वाद मिटेल का? लाखाच्या आसपास खर्चाची तयारी आहे.
— एक मुखपृष्ठकार, पुणे

उत्तर : वाद अर्धा मिटेल. उरलेला अर्धा मिटवण्यासाठी मॉनिटरबरोबर छापखान्याशी बोलणेही बदलावे लागेल.

पडदा तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवतो. छपाई निळी म्हणजे सायन, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंतून, कागदावरून परत येणाऱ्या प्रकाशावर चालते. या दोन जगांच्या सीमा एकमेकींवर बरोबर बसत नाहीत. पडद्यावर चमकणारा पोपटी किंवा गर्द निळा चार शाईंच्या छपाईत येतच नाही, मग मॉनिटर कोणताही असो. मात्र याची उलटी बाजू फारशी सांगितली जात नाही. आर्ट पेपरवर छापलेला शुद्ध सायन आणि त्याच्या जवळचे काही मोरपंखी रंग एसआरजीबीच्या सीमेबाहेर असतात. म्हणजे छापखान्याला जो रंग छापता येतो, तो साध्या मॉनिटरला दाखवताच येत नाही. आपण नेमके मोरपंखी रंगातच अडकलात, म्हणून आपल्या बाबतीत एसआरजीबीपेक्षा मोठ्या अडोबी आरजीबी रंगक्षेत्रावर खर्च करणे योग्य ठरते. १९९८ साली हे रंगक्षेत्र मांडले गेले, तेच मुळी छपाईचे रंग सामावून घेण्यासाठी.

या कामासाठी ज्या मॉनिटरमध्ये हार्डवेअर कॅलिब्रेशनची सोय आहे, तोच शोधावा. साध्या मॉनिटरचे कॅलिब्रेशन केले की दुरुस्ती संगणकाच्या ग्राफिक्स कार्डात होते. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्यांपैकी काही त्यात खर्ची पडतात आणि आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात पट्टे दिसू लागतात. हार्डवेअर कॅलिब्रेशनमध्ये हीच दुरुस्ती मॉनिटरच्या आतल्या, अधिक बारीक पायऱ्यांच्या तक्त्यात साठवली जाते. बेनक्यूची एसडब्ल्यू मालिका आणि आयझोची कलरएज मालिका यासाठीच बनवलेल्या आहेत. कलरएजमधील सीजी वर्गाच्या मॉनिटरांच्या चौकटीतच मोजणीचे उपकरण बसवलेले असते आणि ते ठरलेल्या वेळी आपले आपण पडद्याची मोजणी करते. तो वर्ग आपल्या अंदाजपत्रकापलीकडे जाण्याची शक्यता आहे, पण सीएस वर्ग किंवा बेनक्यूचा एसडब्ल्यू मॉनिटर वेगळ्या कॅलिब्रेटरसह विचारात घेता येईल. अडोबी आरजीबीची ९९ टक्के व्याप्ती, पडद्याच्या चारही कोपऱ्यांत सारखा उजेड राखणारी सोय आणि दोषी बिंदू आढळल्यास पॅनल बदलून देण्याची लेखी हमी, या तीन गोष्टींवर तडजोड करू नये. वक्र पडदा सजावटीच्या कामाला घेऊच नये, कारण त्यावर सरळ ओळ सरळ आहे की नाही याचीच शंका येते.

एक सावधगिरी मात्र हवी. मोठ्या रंगक्षेत्राचा मॉनिटर सांभाळायला रंगव्यवस्थापन समजणारी सॉफ्टवेअर लागते. फोटोशॉप, इनडिझाइन यांना ते समजते, पण फाइल नुसती उघडून दाखवणाऱ्या अनेक छोट्या प्रोग्रॅमना समजत नाही, आणि त्यांत हेच चित्र भडक दिसते. तो दोष मॉनिटरचा नसतो.

आता छापखान्याकडे वळू. अंक कोणत्या कागदावर, कोणत्या प्रोफाइलने, म्हणजे त्या कागदावर आणि शाईत रंग कसे उतरतात याची नोंद असलेल्या फाइलने, छापला जाणार आहे, हे काम सुरू करतानाच विचारावे. आर्ट पेपरसाठी फोग्रा ३९ किंवा त्यानंतरचे फोग्रा ५१ ही प्रोफाइल सर्वत्र ओळखीची आहेत. मॅप्लिथोसारखा कागद शाई शोषून घेतो, म्हणून त्यासाठी वेगळे प्रोफाइल लागते. ते प्रोफाइल लावून फोटोशॉपमध्ये 'सॉफ्ट प्रूफ' पाहिले की मोरपंखीचे काय होणार ते पडद्यावरच कळते आणि रंग बदलायला वेळ मिळतो. मुखपृष्ठावर मॅट लॅमिनेशन होणार असेल तर तेही लक्षात घ्यावे. त्याने गडद रंगांची खोली कमी होते, आणि हे कोणताही सॉफ्ट प्रूफ दाखवत नाही. त्यासाठी लॅमिनेशन केलेला एखादा जुना नमुना जवळ ठेवावा.

काही वर्षांपूर्वी एका मुखपृष्ठावरचा माझा गडद निळा रंग छापून जांभळा आला होता. मी छापखान्यातल्या माणसांना पुष्कळ बोललो. पुढे सॉफ्ट प्रूफ लावून पाहिला तेव्हा तो जांभळा माझ्याच फाइलमध्ये, पहिल्या दिवसापासून होता. म्हणून आपल्याला कळकळीने सांगतो की प्रत्यक्ष छपाईआधी सही केलेला एक कागदी प्रूफ दोघांकडेही असावा, आणि तो दोघांनीही सारख्या प्रकाशात पाहावा. छपाईच्या व्यवसायात त्यासाठी ५००० केल्विनचा प्रकाश हे प्रमाण मानले जाते. आपल्या खोलीत किमान चांगल्या रंगदर्शनाची, म्हणजे ९० च्या वर सीआरआय असलेली, त्या तापमानाची एक नळी मॉनिटरच्या मागे लावावी. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर समोरची एक भिंत तरी करडी किंवा साधी पांढरी करून घ्यावी. हा खर्च मॉनिटरच्या तुलनेत नगण्य आहे आणि त्याचा परिणाम रोज जाणवतो.

प्रश्न : आमचे पैठणीचे दुकान आहे आणि आम्ही फोनवर छायाचित्रे पाठवून साड्या विकतो. 'फोटोत रंग वेगळा होता' असे सांगून गिऱ्हाईक साडी परत पाठवते. चांगला मॉनिटर घेतल्यास हे थांबेल का?
— एक विक्रेती, येवला

उत्तर : ताई, आपल्या अडचणीत मॉनिटरचा क्रमांक तिसरा लागतो. पहिला प्रकाशाचा आणि दुसरा कॅमेऱ्याचा आहे, आणि हे पहिले दोन स्वस्तात सुधारता येतात.

साडीचे छायाचित्र दुकानातल्या मिश्र उजेडात, म्हणजे दारातून येणारे ऊन, वरची नळी आणि काचेच्या कपाटातले पिवळे दिवे या सर्वांत मिळून, घेऊ नये. त्यातून कोणताही मॉनिटर खरा रंग शोधू शकत नाही. उत्तरेकडच्या खिडकीतला पसरलेला उजेड किंवा एकाच जातीचे दोन चांगले दिवे वापरावेत, आणि प्रत्येक वेळी पहिल्या छायाचित्रात साडीवर करडे कार्ड ठेवावे. त्या कार्डावर पांढऱ्याचा समतोल लावला की पुढची सर्व छायाचित्रे एका माळेत बसतात. काम मोठे असेल तर २४ रंगचौकोनांचे कलरचेकर कार्ड घ्यावे. त्यावरून कॅमेऱ्याचे स्वतःचे प्रोफाइल बनवता येते, आणि लाल व किरमिजी रंगांत, जिथे कॅमेरे अनेकदा चुकतात, फरक स्पष्ट दिसतो.

यानंतर मॉनिटर. गिऱ्हाइकाचा फोन कोणता हे आपल्या हाती नाही, म्हणून फाइल एसआरजीबीमध्ये ठेवणे आणि ती एसआरजीबी अचूक दाखवणाऱ्या, मोजलेल्या पडद्यावर तपासणे इतकेच पुरेसे आहे. सांगलीच्या पत्राला सुचवलेला २४ इंची मॉनिटर आपल्यालाही चालेल.

पण धूपछाव पैठणीविषयी वेगळे सांगावे लागेल. तिचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे तिचा रंग पाहण्याच्या कोनानुसार बदलतो, आणि तेच तिचे सौंदर्य आहे. एका स्थिर छायाचित्रात दोनांपैकी एकच रंग वर येणार. जरीचेही तसेच आहे, कारण ती रंगापेक्षा चकाकीने ओळखली जाते. अशा साडीची किमान दोन कोनांतून छायाचित्रे किंवा पदर हलवून घेतलेली छोटी चित्रफीत पाठवावी, आणि खाली शब्दांत स्पष्ट लिहावे की ताणा जांभळा, बाणा हिरवा. गिऱ्हाइकाला आधी समजले की साडी परत येण्याचे प्रमाण कमी होईल, असा माझा विश्वास आहे.

प्रश्न : उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिले आहे. तो चालेल का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : मांडणी, अक्षररचना आणि रेखाटन यांसाठी चालेल, रंग ठरवण्यासाठी नाही. एनटीएससी हे अमेरिकेतील १९५३ सालच्या रंगीत दूरचित्रवाणीचे रंगक्षेत्र आहे. त्याच्या सुमारे ७२ टक्के क्षेत्रफळ म्हणजे पूर्ण एसआरजीबी, म्हणून ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीच्या जेमतेम ६२ टक्के. तांबडे रंग अशा पडद्यावर विटकरी दिसतात आणि कॅलिब्रेशन करूनही ते परत येत नाहीत, कारण पॅनलमध्ये ते नसतातच. लॅपटॉप बदलू नकोस. पुढे पैसे जमले की एसआरजीबी पूर्ण दाखवणारा एक साधा आयपीएस मॉनिटर जोड. एचडीएमआय केबलने जोडल्यावर काळा रंग राखाडी दिसला तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची मर्यादा 'लिमिटेड' वरून 'फुल' वर आणावी लागते. पुष्कळ जण त्यासाठी मॉनिटरला दोष देतात.

प्रश्न : मी लघुपटांचे रंगसंस्करण (कलर ग्रेडिंग) करतो. छायाचित्रकारांसाठीचा मॉनिटर मला चालेल का?
— एक संकलक, मुंबई

उत्तर : चालेल, पण लक्ष्य वेगळे ठेवावे लागेल. दूरचित्रवाणीसाठीच्या रेक ७०९ चे मूळ रंग एसआरजीबीचेच आहेत. मात्र संस्करणाच्या अंधुक खोलीत गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो ते सांगणारा आकडा, २.४ आणि उजळता १०० निट ठेवतात. चित्रगृहासाठीची प्रत डीसीआय पी३ मध्ये जाते आणि तिथला पडदा ४८ निटचाच असतो, म्हणून पी३ ची ९५ टक्क्यांहून अधिक व्याप्ती असलेला मॉनिटर घ्यावा आणि शेवटची तपासणी चित्रगृहातच करावी. संस्करणाचे चित्र संगणकाच्या पडद्याऐवजी ब्लॅकमॅजिकच्या डेकलिंकसारख्या स्वतंत्र कार्डातून मॉनिटरला पाठवल्यास मधल्या कार्यप्रणालीची ढवळाढवळ टळते. डब्यावर 'एचडीआर ४००' लिहिले आहे एवढ्यावरून तो एचडीआर, म्हणजे अधिक उजळ आणि अधिक काळी टोके असलेल्या चित्राच्या, संस्करणाचा मॉनिटर ठरत नाही.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा आहे. माझ्या जलरंगचित्रांच्या प्रती काढण्यासाठी ती स्कॅन करून पडद्यावर मूळ चित्राशी जुळवतो. मला जुळलेले वाटते, पण सुनेला प्रत निळसर दिसते. लवकरच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे. दोष मॉनिटरचा की डोळ्यांचा?
— एक चित्रकार, वडोदरा

उत्तर : आपल्या प्रश्नाने मला बराच वेळ विचार करायला लावला. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडवू लागते, मोतीबिंदूत तर अधिकच. आपण म्हणाल की मूळ चित्र आणि पडदा दोन्ही त्याच डोळ्यांनी पाहिले, मग जुळणी चुकेल कशी? ती चुकते, कारण रंगद्रव्यावरून परतणारा प्रकाश आणि पडद्याच्या तीन दिव्यांचा प्रकाश हे घडणीने वेगळे असतात. एका डोळ्याला ते सारखे दिसले तरी दुसऱ्याला तसेच दिसतील असे नाही. रंगमापनाचा जो 'प्रमाण निरीक्षक' १९३१ साली ठरवला गेला, तोसुद्धा राइट आणि गिल्ड यांनी इंग्लंडमध्ये घेतलेल्या अवघ्या १७ माणसांच्या निरीक्षणांवर आधारलेला होता, आणि आजही मॉनिटरच्या रंगांचे बहुतेक आकडे त्याच्याच डोळ्याने मोजले जातात. आपली सून त्या प्रमाण डोळ्याच्या आपल्यापेक्षा जवळ असण्याची शक्यता आहे.

म्हणून आपण नजरेने जुळवणी न करता मोजमापावर विसंबावे. मॉनिटर कॅलिब्रेटरने लावावा, स्कॅन करताना रंगपट्टी सोबत ठेवून स्कॅनरचे प्रोफाइल बनवावे, आणि शेवटी पडद्याऐवजी छापील प्रत मूळ चित्राशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवून दोघांनी मिळून पाहावी. आपल्या पेटीत 'ऑपेरा' नावाचा गुलाबी असेल तर तो जुळण्याची अपेक्षा ठेवू नये. त्यात स्वतःहून चमकणारे द्रव्य असते आणि ते ना स्कॅनर पकडतो ना शाई.

क्लोद मोने यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया १९२३ साली झाली आणि त्यानंतर त्यांना रंग निराळे भासू लागले. आपल्यालाही पहिले काही आठवडे पांढरा कागद कदाचित निळसर वाटेल. त्या काळात जुन्या फाइल उघडून दुरुस्त करायला बसू नये. मॉनिटर जसा मोजून लावला आहे तसाच राहू द्यावा, फाइलची एक प्रत जपून ठेवावी, आणि दोन महिन्यांनी सुनेबरोबर बसून तेच चित्र पुन्हा पाहावे. तेव्हा काय दिसले ते मला अवश्य कळवावे.